‘नको’च्या यादीपलीकडे: आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना डिजिटल नागरिकत्व कसं शिकवायचं

वर्षातून एकदा सगळ्या वर्गांना सभागृहात बसवायचं, स्लाइड दाखवायच्या, ‘अनोळखी माणसाशी बोलू नका, पासवर्ड सांगू नका, मोबाइल जास्त पाहू नका’ हे मोठ्यानं म्हणवून घ्यायचं आणि विषय संपला असं समजायचं, हा बऱ्याच शाळांचा शिरस्ता. मुलं मान डोलावतात. त्याच संध्याकाळी त्यांच्यातलंच एखादं हेडफोन लावून गेममधल्या साथीदाराशी तासभर गप्पा मारतं आणि आपण काही नियम मोडतोय हे त्याच्या मनातही येत नाही. तीन आठवडे आपल्या टीममधून खेळणारा, आपल्याला हिरे देणारा तो दोस्त त्याच्या लेखी अनोळखी नसतोच. अनोळखी म्हणजे काळा चष्मा लावून कोपऱ्यावर उभा असलेला कुणीतरी.

नियम तोंडपाठ असतो, पण ऐन वेळी हात थांबत नाही. म्हणून या वयात नियमांपेक्षा कृतींचा सराव घ्यावा, असं माझं ठाम मत आहे: फोटो टाकण्याआधी काय बघायचं, कुणी काही मागितलं तर कोणतं वाक्य बोलायचं, ग्रुपवर कुणाची टर उडवली जात असेल तर बोट कुठे न्यायचं. आणि या सगळ्याच्या वरची एक कृती म्हणजे बिनसलं की मोठ्या माणसाला येऊन सांगणं. बाकीचे सगळे धडे कच्चे राहिले आणि एवढी एक सवय लागली, तरी पुष्कळ झालं.

या वयाचा एक फायदा आहे. आठ ते अकराची मुलं स्वतः वाचतात, टाइप करतात, गेमच्या सेटिंग आपल्यापेक्षा लवकर शोधतात, पण अजून आपल्याला विचारतात. बाराव्या-तेराव्या वर्षी ती मित्रांना विचारू लागतात. त्याआधीची ही तीन-चार वर्षं हातची जाऊ देऊ नयेत.

डिजिटल नागरिकत्व म्हणजे इंटरनेटवर जबाबदारीनं आणि हक्कानं वावरणं. या विषयाची व्याप्ती मोठी आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ माइक रिबल यांनी डिजिटल नागरिकत्वाची नऊ अंगं मांडली आहेत. त्यांत शिष्टाचारापासून कायदा, आरोग्य, खरेदी-विक्रीपर्यंत सगळं येतं. शिक्षकांनी नियोजन करताना ती यादी जरूर बघावी. मुलांसमोर मात्र नऊ अंगं मांडू नयेत. शिवाय नागरिकत्व म्हटलं की जबाबदाऱ्यांबरोबर हक्कही आले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०२१ साली डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर स्वतंत्र टिपण काढलं. माहिती मिळवणं, मत मांडणं, खेळणं, खासगीपणा जपला जाणं हे सगळं संरक्षणाच्या जोडीनं त्यात आहे. इंटरनेट ही तुमचीही जागा आहे, हे मुलांना पहिल्याच तासाला कळलं पाहिजे.

मुलांच्या आधी मोठ्यांची तयारी

पहिला धडा घेण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढावं: मूल येऊन म्हणालं, ‘मी एक गोष्ट केली, तुम्ही रागावाल,’ तर मी पहिलं वाक्य कोणतं बोलणार? बहुतेकांच्या तोंडून आपसूक येतं, ‘तरी सांगत होतो!’ किंवा ‘आण तो मोबाइल इकडे.’ हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ती गप्प बसतात. भीती समोरच्या माणसाची असते त्याहून मोबाइल जाण्याची जास्त असते.

तेव्हा आधी आपली वाक्यं बसवून घ्या. ‘बरं झालं सांगितलंस.’ ‘आता आपण दोघं मिळून बघू.’ ‘तुझं काही चुकलं असेल तर त्याचं नंतर बोलू, आधी हे निस्तरू.’ ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तोंडातून निघू द्यायचा नाही, कारण त्याचा अर्थ मूल ‘पुढच्या वेळी सांगूच नकोस’ असा घेतं. पालकसभेत वेळ काढून पालकांची जोडी लावा. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं पालक. पहिल्यांदा हशा पिकतो, दुसऱ्या फेरीला लोक गंभीर होतात. आणि घरातून एक वचन मागून घ्या: येऊन सांगितल्याची शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेतला जाणार नाही.

दुसरी तयारी वयाच्या अटीची. बहुतेक सोशल मीडिया १३ वर्षांखालच्या मुलांना अकाउंट देत नाहीत. हा आकडा मुलांच्या समजूतदारपणाचं मोजमाप करून आलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या आणि २००० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची परवानगी लागते. तो व्याप नको म्हणून कंपन्यांनी तिथेच रेघ मारली. युरोपीय संघाच्या २०१८ पासूनच्या नियमात ही रेघ १६ वर आहे, पण सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून मोठ्या सोशल मीडियावर १६ वर्षांखालच्या मुलांना अकाउंटच ठेवू दिलेलं नाही.

प्रत्यक्षात तुमच्या वर्गात जन्मसाल खोटं टाकून अकाउंट काढलेली मुलं असणार, आणि पुष्कळदा ते पालकांनीच काढून दिलेलं असणार. ‘कोणाकोणाचं अकाउंट आहे? हात वर करा’ असं कधीही विचारू नका. खरं बोलणारी चार मुलं तेवढी पकडली जातात आणि बाकीची खोटं बोलायला शिकतात. त्याऐवजी पालकांना एक हिशेब करून दाखवा. नऊ वर्षांच्या मुलानं स्वतःला तेराचं दाखवलं, तर ते खरोखर चौदाचं होईल तेव्हा कंपनीच्या दप्तरी अठराचं, म्हणजे प्रौढ असेल. किशोरांसाठी असलेली सगळी बंधनं आणि संरक्षणं त्याच्या अकाउंटवरून त्या दिवशी निघून जातील. उपदेशाचं काम हा हिशेब जास्त चांगलं करतो.

वेळापत्रक साधं ठेवा. आठवड्याला पंचवीस मिनिटं, आठ ते दहा आठवडे. एका दिवसाच्या मोठ्या शिबिरापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मधल्या दिवसांत मुलं घरी काहीतरी पाहून येतात आणि पुढच्या तासाला तेच साहित्य होतं. निम्मे तास कागदावर होतात. संगणक कक्ष मोकळा नसल्याचं कारण इथे चालणार नाही.

पायरी १: एका फोटोतून काय काय कळतं

सुरुवात इथून करावी, कारण यात भीती नाही, शोध आहे. एक फोटो मुद्दाम तयार करा. खऱ्या मुलाचा नको. शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला उभं करा किंवा चित्र काढा. विषय असा: शर्यतीत पहिलं आलेलं मूल हातात प्रमाणपत्र धरून हसतंय. प्रमाणपत्रावर काल्पनिक नाव, वयोगट, शाळा आणि तारीख लिहा. अंगातल्या शर्टावर शाळेचं बोधचिन्ह असू दे. मागच्या खिडकीतून बसथांब्याची पाटी अर्धवट दिसू दे. भिंतीवर वेळापत्रक लावा, त्यात ‘गुरुवार ५ वाजता – पोहणं’ एवढं वाचता यावं. फोटोखाली ओळ लिहा: ‘आज एकटीच घरी, कुणी खेळायला येतंय का?’

हा फोटो चार-चार मुलांच्या गटाला द्या आणि सांगा, तुम्ही गुप्तहेर आहात, या मुलीबद्दल जेवढं कळेल तेवढं लिहा. पहिल्या दोन मिनिटांत नाव आणि शाळा सापडते. मग कुणीतरी वयोगटावरून वय काढतं. बसथांबा आणि शाळा जोडून ‘ही साधारण इकडे राहत असणार’ असा तर्क येतो. गुरुवारचं पोहणं सापडलं की वर्गात एक ‘अरेच्चा!’ उमटतो. शेवटची ओळ बहुतेक गट सगळ्यात उशिरा पाहतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची असते.

आता फळ्यावर दोन रकाने करा. एका बाजूला ‘एकटं सांगितलं तर चालेल’, दुसऱ्या बाजूला ‘जोडलं की कळतं’. आवडता रंग, आवडता खेळ पहिल्यात. पण शाळा, अधिक घरी जायची वेळ, अधिक रस्ता, हे दुसऱ्यात. माहितीचा एकेक तुकडा निरुपद्रवी वाटतो, धोका तुकडे जोडण्यात असतो. ही गोष्ट मुलं स्वतः शोधतात, म्हणून ती डोक्यात राहते. ‘खासगी माहिती सांगू नये’ हे वाक्य दहा वेळा ऐकून ती राहत नाही.

तासाच्या शेवटी तोच फोटो सुरक्षित करायला सांगा. कुणी प्रमाणपत्र उलटं धरायला सुचवेल, कुणी भिंत बदलेल, कुणी फोटो कापेल, कुणी म्हणेल फक्त आजीला पाठवू. सगळी उत्तरं बरोबर आहेत. ‘फोटो टाकूच नका’ असं उत्तर कुणी दिलं, तर मी विचारीन, की मग पहिली आल्याचा आनंद तिनं कसा सांगायचा? नाकं मुरडून बंदी घालणं सोपं आहे. वाट काढणं शिकवायचंय.

फोटोच्या फाइलमध्ये न दिसणारी माहितीही असते: कधी काढला, कोणत्या फोननं काढला, आणि लोकेशन चालू असेल तर नेमका कुठे काढला. काही ॲप पाठवताना ही माहिती काढून टाकतात, काही नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करणं हा घरचा अभ्यास द्या, पालकांच्या शेजारी बसून करायचा.

याच तासाला परवानगीचा नियम घाला: दुसऱ्याचा फोटो काढण्याआधी विचारायचं, टाकण्याआधी पुन्हा विचारायचं. काढू दिला म्हणजे टाकू दिला असं होत नाही. इथे मुलं हमखास विचारतात, ‘मग आई माझे फोटो मला न विचारता का टाकते?’ हा प्रश्न टाळू नका. तो जसाच्या तसा पालकांच्या चिठ्ठीत लिहून पाठवा.

पायरी २: फाशांचा पासवर्ड

इथे गणिताचा तास उधार घ्या. १९९५ साली आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी एक युक्ती मांडली: फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या आकड्यांचा शब्द यादीत शोधायचा, असे काही शब्द जोडून पासवर्ड करायचा. पाच फाशांना ७,७७६ शब्दांची यादी लागते. वर्गासाठी दोन फासे आणि ३६ शब्द पुरेत. यादी मुलांकडूनच करून घ्या: हत्ती, शिडी, ढग, मोजे, असं काहीही. मग प्रत्येकानं चार वेळा फासे टाकून चार शब्द काढायचे. ‘ढग मोजे हत्ती शिडी’ असं काहीतरी निघतं आणि मुलं लगेच त्याचं चित्र डोळ्यांसमोर आणतात: ढगानं मोजे घातले, हत्ती शिडी चढला. चित्र आलं की पाठ झालं.

आता गुणाकार. चार आकडी पिनचे प्रकार १०,०००. आपल्या ३६ शब्दांतून चार शब्दांचे प्रकार ३६ × ३६ × ३६ × ३६, म्हणजे १६,७९,६१६. पाचवीच्या मुलांना हे हातानं करता येतं आणि करावंसंही वाटतं. मग विचारा, संगणक एका सेकंदात लाखो अंदाज करू शकत असेल तर हे पुरेल का? नाही पुरणार. म्हणून खरी यादी ७,७७६ शब्दांची. तिच्यातून चार शब्द घेतले तर प्रकार साडेतीन हजार लाख कोटींच्या वर जातात. लांबी आणि यदृच्छा (शब्द आपण न निवडता फाशांनी निवडणं) ही खरी ताकद, हे त्यांना आकड्यांतून दिसतं. नावातल्या एका अक्षराऐवजी आकडा टाकण्यात काही मोठी हुशारी नाही.

एक सूचना विसरू नका: वर्गात काढलेला पासवर्ड कुणी घरी वापरायचा नाही, कारण ती यादी सगळ्यांनी पाहिलेली आहे. आणि काही ठिकाणी देवनागरी पासवर्ड चालत नाही, तिथे हेच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचे.

पासवर्ड कुणाला सांगायचा? आईबाबांना किंवा सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला. जिवलग मैत्रिणीला नाही. या वयात पासवर्ड सांगणं हे मैत्रीचं प्रमाण मानलं जातं, आणि भांडण झालं की त्याच पासवर्डनं गेममधली वर्षभराची कमाई उडवली जाते. मुलांना हे उदाहरण द्या. चोराच्या गोष्टीपेक्षा ते त्यांना जास्त जवळचं वाटतं.

पायरी ३: गेममधला दोस्त काय मागतोय

सुरुवातीला म्हटलं तसं, ‘अनोळखी’ या कसोटीचा इथे उपयोग नाही. कसोटी बदला: समोरचा कोण आहे हे तुला कळणार नाही, पण तो काय मागतोय हे कळेल. माणूस ओळखायचं सोडून मागणी ओळखायला शिकवा. फळ्यावर पाच मागण्या लिहा:

- ‘हे कुणाला सांगू नकोस.’
- ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू.’
- ‘फोटो पाठव’ किंवा ‘कॅमेरा चालू कर.’
- ‘तुझ्या घरी आत्ता कोण आहे?’
- ‘लगेच कर, नाहीतर बक्षीस जाईल.’

यातली एकही मागणी आली, मग ती गेममधल्या दोस्तानं केलेली असो, वर्गातल्या मुलानं की नातेवाइकानं, तर खेळ थांबवायचा आणि मोठ्यांना सांगायचं. शेवटची मागणी फुकट नाण्यांच्या लिंकवरही लागू पडते, त्यामुळे फसव्या लिंकसाठी वेगळा धडा लागत नाही.

आता सराव. बारा-पंधरा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर गेममधला एक मेसेज. काही अगदी साधे ठेवा: ‘मस्त खेळलास, उद्या परत?’ काहींत एक मागणी लपवा: ‘तू माझी बेस्ट टीममेट आहेस, तुझा खरा आवाज ऐकायचाय, नंबर दे ना.’ मूल चिठ्ठी वाचतं, मागणी आहे का ते ओळखतं आणि उत्तर मोठ्यानं देतं. साधे मेसेज मुद्दाम ठेवायचे, नाहीतर मुलं प्रत्येक चिठ्ठीवर ‘ब्लॉक!’ ओरडतात आणि ऑनलाइन भेटणारी सगळी माणसं दुष्ट असतात, असा चुकीचा धडा घेऊन घरी जातात.

नकार देणं मुलांना जड जातं. समोरच्याला वाईट वाटेल, टीममधून काढतील, आपण बाळबोध ठरू, अशा तीन भीती त्यांना असतात. म्हणून सबबी तयार करून द्या. ‘माझे मेसेज आई वाचते’ ही सगळ्यात कामाची सबब आहे. खरी असो वा नसो, चालेल. ‘आमच्याकडे कॅमेरा बंद ठेवायचा नियम आहे.’ ‘जेवायला बोलावलंय, चाललो.’ या एका कारणासाठी थोडं खोटं बोललं तरी चालेल, हे ऐकून मुलांचे चेहरे खुलतात.

शरीराबद्दलचं बोलणं या वयाला झेपेल इतपत, पण स्पष्ट करा: कपड्यांशिवायचा किंवा कमी कपड्यांतला फोटो कुणी मागितला, पाठवला किंवा दाखवला, तर त्यात मुलाचा काहीही दोष नसतो, आणि ते त्याच दिवशी सांगायचं. आवाज न चोरता, सरळ सुरात सांगा. आपण अवघडलो की मुलं समजतात, हा विषय काढायचा नसतो.

पायरी ४: ‘वा, काय हुशार आहेस!’

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि चार मुलांकडून चार प्रकारे वाचून घ्या: कौतुकानं, टोमणा मारत, वैतागून, लाडानं. आता विचारा, हेच मोबाइलवर लिहून आलं तर यातलं कोणतं? मराठीत टोमणा नेमका कौतुकाचेच शब्द वापरतो, त्यामुळे हा खेळ छान रंगतो. पाठोपाठ ‘बरं.’ आणि ‘बरंऽऽ’ यांतला फरक मुलं स्वतःच सांगू लागतात.

समोर माणूस दिसत नसला की जीभ का सुटते, यावर मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली लिहिलं. नाव लपलेलं असतं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, कुणी दटावणारं मोठं माणूस समोर नसतं, अशी काही कारणं त्यांनी मांडली. मुलांना सिद्धांत सांगायची गरज नाही, प्रयोग करा. एका मुलाला वर्गाकडे पाठ करून उभं करा, एक चित्र त्याचं आहे असं समजायचं आणि बाकीच्यांना त्याबद्दल चिठ्ठीवर मत लिहायला लावा. चित्र खरं तर शिक्षकांनी काढलेलं असावं, म्हणजे कुणाचं मन दुखणार नाही. मग दुसरं चित्र, या वेळी समोरासमोर, तोंडी. दोन्हींतले शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पुढे काही बोलावं लागत नाही.

त्रास देण्याच्या प्रकरणांत आपण त्रास देणारा आणि सोसणारा या दोघांकडेच पाहतो. ग्रुपवर तीस जण असतात, त्यांतले अठ्ठावीस नुसते बघत असतात. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शाळांसाठीचा कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो, कारण त्यांच्या हसण्यावर आणि गप्प बसण्यावर त्रास देणारा जगतो. तुमच्या वर्गातही बहुतेक मुलं बहुतेक वेळा बघ्याच असणार, तेव्हा सराव त्यांचाच घ्या.

‘धाडसानं विरोध करा’ असं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा फार आहे, आणि विरोध करणारंच पुढचं लक्ष्य होऊ शकतं. पायऱ्या अशा लावा. सगळ्यांत सोपं: हसणारा इमोजी टाकायचा नाही, पुढे पाठवायचं नाही. त्याहून थोडं अवघड: जिला चिडवलं जातंय तिला खासगीत लिहायचं, ‘मला ते आवडलं नाही. उद्या डब्याला माझ्याजवळ बस.’ मग विषय बदलायचा, गृहपाठ विचारायचा. वाहता ग्रुप पटकन वळतो. आणि शिक्षकांना सांगायचं. हे चुगली करणं आहे का, असं मुलं विचारतीलच. उत्तर: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ती चुगली, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं ती मदत.

आणि ज्यानं चिडवलं त्याचं काय? आज चिडवणारा उद्या सोसणारा असतो, या वयात तर आठवड्याभरात. त्याला माफी लिहायला लावण्याआधी तो मेसेज त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा, एकट्याला, वर्गासमोर नाही.

पायरी ५: पानावरून उठून बाहेर बघायचं

१९९८ पासून इंटरनेटवर एक पान आहे: अमेरिकेच्या वायव्य भागात झाडांवर राहणाऱ्या, नामशेष होत चाललेल्या ऑक्टोपसबद्दल. छायाचित्रं, अधिवास, त्याला वाचवायचं आवाहन, सगळं आहे. असा ऑक्टोपस अस्तित्वातच नाही. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे पान ऑनलाइन वाचनात तरबेज असलेल्या सातवीच्या मुलांना दाखवलं, तर बहुतेकांना ते खरं वाटलं. तुमच्या मुलांनाही वाटेल. दाखवा, रंगू द्या, मग विचारा: हे खोटं असेल तर ते कुठे कळेल?

मुलं पानातच शोधत राहतात. हीच खोड मोडायची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी पानावर रेंगाळले, देखणी मांडणी आणि भारदस्त नाव पाहून फसले. तपासनीस काही क्षणांत तिथून उठले, नवी खिडकी उघडली आणि ‘हे कोण लोक आहेत’ याचा बाहेर शोध घेतला. मुलांसाठी याचं रूप एवढंच: नवी खिडकी उघड, त्या प्राण्याचं किंवा संस्थेचं नाव टाक, दुसरे दोन जण काय म्हणतात ते बघ. जुन्या तपासयाद्या, म्हणजे स्पेलिंग बरोबर आहे का, पत्ता दिलाय का, पान नीटनेटकं आहे का, आता फेकून द्याव्यात असं मला वाटतं. खोटं पान नीटनेटकं करणं आज कुणालाही जमतं.

चित्रांसाठी उलट शोध शिकवा: चित्र टाकून ते आधी कुठे आलंय हे पाहायचं. पुराचं म्हणून फिरणारं छायाचित्र पाच वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच देशातलं निघालं, की मुलांना गंमत वाटते आणि युक्ती लक्षात राहते.

चॅटबॉटबद्दल या वयाला दोन गोष्टी पुरेत. एक, तो चुकीचंही तेवढ्याच आत्मविश्वासानं सांगतो. हे दाखवायला मुलांना जे पक्कं माहीत आहे तेच त्याला विचारा, जसं शाळेचा इतिहास किंवा गावातल्या छोट्या नदीची माहिती, आणि चुका शोधायची स्पर्धा लावा. दोन, तो प्रेमळ बोलला तरी त्याला तुझी काळजी वाटत नसते. मनातलं सांगायला माणूस शोधायचा. प्रत्यक्ष वापर शिक्षकांच्या स्क्रीनवर, सगळ्यांनी मिळून. मुलांची अकाउंट काढायची नाहीत.

पायरी ६: थांबायची जागा कुणी काढून टाकली?

‘किती वेळ’ यावरून घरात रोज वाद होतात, शाळेत तो विषय पुन्हा काढून उपयोग नाही. मुलांना रचनाकाराच्या खुर्चीत बसवा. पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भाग संपतो, तिथे उठता येतं. न संपणारी यादी, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, रोज न आल्यास तुटणारी साखळी, दहा मिनिटांत संपणारी सवलत, लाल रंगातला आकडा, या सगळ्या थांबायची जागा पुसण्याच्या युक्त्या आहेत. प्रत्येकानं आपल्या आवडत्या गेममधल्या तीन युक्त्या शोधून आणायच्या. शक्य तिथे सूचना आणि आपोआप चालणारे व्हिडिओ बंद करणं हा घरचा अभ्यास. यापलीकडे मिनिटं मोजायला मी जाणार नाही.

दुसऱ्याच्या कामाचा आदर हा विषय एका तासात होतो. मुलांची चित्रं भिंतीवर लावा, खाली मुद्दाम दुसऱ्याचीच नावं टाका आणि वर्गात काय उसळतं ते बघा. मग प्रकल्पात चित्र घेतलं तर कुणाचं ते लिहायचं, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्यानं ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेली, चित्रं शोधयंत्रात कशी गाळायची ते दाखवा. संपलं.

मूल खरंच सांगायला आलं तर

सगळं ऐकून घ्या, मधे प्रश्न नकोत. मेसेज किंवा अकाउंट रागाच्या भरात पुसू नका. स्क्रीनशॉट, नाव, तारीख जपून ठेवा, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी ब्लॉक केलं तर पुष्कळ ठिकाणी पुरावा दिसेनासा होतो. अपवाद एकच: मुलांची अश्लील छायाचित्रं असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट घेऊ नका, कुणालाही पुढे पाठवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवरही नाही. ते चित्र जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच बहुतेक देशांत गुन्हा आहे. काय पाहिलं ते लिहून ठेवा, उपकरण तसंच ठेवा आणि मुख्याध्यापक व पोलिसांना कळवा.

समोरच्या माणसाला स्वतः मेसेज करून जाब विचारू नका. तो सावध होतो आणि सगळं पुसून पसार होतो.

दोन दिवसांनी मुलाला परत गाठा आणि म्हणा, ‘त्याचं पुढे काय झालं, तुला सांगायचं होतं.’ आपण सांगितलं आणि त्यावर काहीतरी झालं, हे त्याला कळलं तरच ते पुढच्या वेळी येईल.

जमलं की नाही, कसं ओळखायचं

प्रश्नपत्रिका काढू नका. मुलांना बरोबर उत्तर आधीच माहीत असतं. तीन महिन्यांनी तिसऱ्या पायरीतल्या चिठ्ठ्या नव्या मेसेजसह, न सांगता परत काढा आणि मुलं किती वेळात मागणी ओळखतात ते पाहा. साध्या मेसेजलाही घाबरत असतील तर आपण भीती जास्त पेरली. वर्गात एक पेटी ठेवा, नाव न लिहिता प्रश्न टाकायला. पहिले काही आठवडे चिठ्ठ्या ‘सर तुमचा आवडता गेम कोणता’ अशा येतील. त्यांनाही उत्तर द्या, मनापासून. ‘एका मुलाचं असं झालं तर त्यानं काय करावं’ या धाटणीची चिठ्ठी त्यानंतरच येते.

ती आली की वर्गात वाचून दाखवू नका आणि अक्षर कुणाचं ते शोधू नका. पुढच्या तासाला तो विषय एक चिठ्ठी-मेसेज म्हणून सरावात घाला, आणि तासानंतर तुम्ही दहा मिनिटं वर्गातच थांबणार आहात एवढं सगळ्यांना सांगा. मजकुरात धमकीचा, शरीराचा किंवा प्रत्यक्ष भेटण्याचा उल्लेख असेल, तर मात्र पुढच्या तासापर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी समुपदेशक किंवा मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन चौकशी सुरू करायची.